ढगात

रुवीत, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
आमची संस्था आहे.
म्हणजे दोन टेबलं, एक कपाट,
ऑगस्टमध्ये नुसताच खोकणारा एसी
आणि मुकादमचाचांच्या एकवीस वह्या.

निळ्या वह्यांत पगार थकलेले.
तपकिरीत, पासपोर्ट मालकाकडे अडकलेले.
काळ्या पुठ्ठ्याची एकच, ती चाचा स्वतः उघडत.
तिच्यात विमानाचा नंबर, पेटीचं वजन,
गावी फोन कुणी उचलला.

शिफाना आली आणि म्हणाली,
सगळं क्लाउडवर टाकू.
आपल्यासारख्यांना फुकट देतात, अर्ज केलाय मी.
क्लाउड म्हणजे काय, चाचांनी मला विचारलं.
मी म्हटलं, ढग.
चाचा मंडणगडचे. चष्मा काढून म्हणाले,
"आमच्याकडे माणूस ढगात गेला म्हणजे
काय झालं, ठाऊक आहे ना?
काळी वही घाला खुशाल.
निळीतले अजून जिवंत आहेत."

दोन महिने घासाघीस.
पासपोर्टचे नंबर चढवायचे नाहीत, ही त्यांची अट.
ज्याचं नाव, त्याला आधी विचारायचं, ही दुसरी.
मग एकेक पान फोटोत गेलं.
मराठी शाळेतलं चाचांचं अक्षर,
त्यांचा ख यंत्राला रव वाटायचा.
खलीलचा रवलील झाला,
तो आम्ही हाताने परत खलील केला.

निरोप रात्री दोननंतर येतात.
लिहिता न येणारे बोलतात,
पांघरुणात तोंड घालून, हळू.
पूर्वी तेलुगूसाठी खालच्या न्हाव्याला बोलवायचो,
तो दाढी अर्धी टाकून वर यायचा.
आता सकाळी मजकूर तयार असतो,
मला मराठीत, शिफानाला मलयाळममध्ये,
अर्जाचा अरबी मसुदासुद्धा.
न्हावी अजून येतो. चहाला.

एका शुक्रवारी शिफानाने यंत्राला विचारलं,
यातले कोण कोण एकाच माणसाने बुडवलेत?
आम्ही त्या कंत्राटदाराचं नाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं,
तीन हातांनी, चार वर्षांत.
यंत्राने सतरा ओळी एकाखाली एक लावल्या.
सतरा माणसं आमच्याच वह्यांत
इतके दिवस एकेकटी राहत होती.
चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "मला दिसायला हवं होतं."
सतरा जणांचा एक अर्ज गेला.
अकरांचे पैसे आले. बाकीचे येतील, म्हणतात.

आणि गंगाराजम.
जगत्यालचा, मिस्फाहच्या कॅम्पातला.
त्याचा निरोप नऊ सेकंदांचा.
यंत्राने लिहिलं: सर, मीठ संपलं आहे.
विभाग: किराणा. निकड: साधारण.
शिफानाने रविवारच्या पेटीत मिठाची पिशवी लिहून टाकली.
चाचांनी तो आवाज तीनदा ऐकला.
तेलुगू त्यांना ओ की ठो कळत नाही.
म्हणाले, "हा किराण्याचा आवाज नाही."
आणि टॅक्सी केली.

अंगातलं मीठ संपलं होतं त्याच्या.
जुलैत पाच दिवस सळ्या बांधून
पोटऱ्यांचे गोळे झालेले, जीभ लाकडासारखी.
डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर.
पुढचं वाक्य त्यांनी अरबीत म्हटलं.
ते भाषांतर करायला
आम्ही कुणालाच सांगितलं नाही.

त्या रात्री शिफाना यंत्राला शिकवत बसली:
उन्हाळ्यात मीठ म्हटलं की लाल.
चाचा शेजारून सांगत होते,
चक्कर लाल. पाणी कडू लागतं, लाल.
आवाज दमलेला असेल तर
विभाग काहीही असो, आधी मला उठव.
हे शेवटचं कसं भरायचं,
तिला अजून कळलेलं नाही.

वह्या कपाटात आहेत.
शुक्रवारी चाचांच्या हाताला काम उरत नाही,
म्हणून ते फोन करतात,
कशासाठी असं नाही.
जेवलास का, एवढंच.

काळी वही चढवलेली नाही.
काल जिना उतरताना मध्येच थांबून विचारलं,
"तो गंगाराजम, ढगात आहे ना अजून?"
हो, म्हटलं.
"मग बरं," म्हणाले,
आणि कठडा धरून खाली गेले.